वडिलांचा धाक आणि वडिलांचा मान: एका तरुणाच्या प्रश्नाला उत्तर

सोलापूरच्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २९ वर्षे, खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स, पगार ३२,००० रुपये. वडील रेल्वेतून निवृत्त झाले असून घरावर वरचा मजला चढवण्याचे त्यांनी मनावर घेतले आहे, आणि त्यासाठी मुलाला सहकर्जदार करून १५ लाखांचे गृहकर्ज काढायचे ठरवले आहे. मुलाला पुढे शिकायचे आहे, लग्नाची बोलणी चालू आहेत, हप्ता झेपणार नाही हे त्याला स्पष्ट दिसते. परंतु वडिलांची गाडी दारात लागल्याचा आवाज आला की पोटात गोळा येतो आणि मनाशी घोकलेले एकही वाक्य ओठांवर येत नाही. लहानपणी पट्ट्याचा मार खाल्ला आहे. आता वडील हात उगारत नाहीत, पण आवाज तोच आहे. चर्चच्या मंडळीतील वडीलधारी माणसे त्याला दोन गोष्टी सांगतात: बापाचा मान राखावा ही देवाची आज्ञा आहे, आणि ज्याचा विश्वास पक्का त्याला भीती वाटत नाही. म्हणजे नाही म्हटले तर आज्ञा मोडते आणि घाबरून गप्प बसलो तर विश्वास कच्चा ठरतो, मग मी करावे तरी काय, असे त्याने विचारले आहे.

सोलापूर आणि आसपासच्या मंडळ्यांमध्ये पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, म्हणून मी बरीच वर्षे सेवा करतो आहे. उपासनेनंतर दारात हात मिळवताना जे कोणी बोलत नाही, ते घरभेटीला गेल्यावर, चहा पिऊन झाल्यावर, वडील बाहेर गेल्यावर हळूच बोलले जाते, आणि त्यात हा प्रश्न मी वेगवेगळ्या रूपांत पुष्कळदा ऐकला आहे. कुठे तो मुलीच्या स्थळावरून निघतो, कुठे नोकरीसाठी पुण्याला जाण्यावरून, कुठे जमिनीच्या वाटणीवरून. तुमच्याकडे तो कर्जावरून निघाला आहे. माझ्या मते कर्ज हे निमित्त आहे. खरी अडचण अशी की तुमच्या घरात धाक आणि मान लहानपणापासून इतके एकत्र मळले गेले आहेत की घाबरणे हीच आदर दाखवण्याची रीत आहे असे तुम्हाला वाटू लागले आहे. ही दोन्ही वेगळी केल्याशिवाय तुम्ही काहीही ठरवले तरी मन शांत होणार नाही. सही केलीत तर प्रत्येक हप्त्याबरोबर मनात वडिलांविषयी कडवटपणा साठेल, आणि सही नाकारलीत तर चर्चमध्ये प्रभुभोजनाचा विधी घेताना अपराधी वाटत राहील.

सुरुवातीलाच हे सांगितले पाहिजे की माझ्या उत्तराचा काही भाग तुमच्या घरातील परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ती मला पूर्ण माहीत नाही. वडील आजही मारत असतील, आईवर हात टाकत असतील किंवा धमक्या देत असतील, तर तुमची भीती तुम्हाला खरेच सांगते आहे आणि तिचे ऐकले पाहिजे. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, शौल राजाने आपल्या मुलावर, योनाथानावर, भोजनाच्या वेळी भाला फेकला तेव्हा योनाथान संतापून मेजावरून उठून गेला. बापाचा मान राखायचा म्हणून तो दुसऱ्या भाल्याची वाट पाहत बसला नाही. तरीही तो बापाचा मुलगा राहिला आणि अखेर गिलबोवा डोंगरावरील लढाईत त्याच्याच बाजूने मेला. अशा घरात आधी सुरक्षित जागा शोधावी, गरज पडल्यास ११२ वर पोलिसांना आणि आईसाठी १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करावा. यात कोणतीही आज्ञा मोडत नाही. दुसरी परिस्थिती अशी की भीती फक्त वडिलांपुरती राहिलेली नाही, झोप उडाली आहे, कामावर हात थरथरतात, छातीत धडधडते. तुम्ही स्वतः रुग्णांची सेवा करता, त्यामुळे हे शरीराचेही दुखणे असते हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक कळते. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात दाखवावे किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. प्रार्थना आणि औषध यांच्यात भांडण लावणारा उपदेश मी कधी करत नाही. प्रेषित पौलाच्या सोबत्यांमध्ये लूक नावाचा वैद्य होता आणि पौल त्याचा उल्लेख प्रेमाने करतो.

तुमच्या पत्रावरून मात्र मला असे वाटते की तुमची भीती तिसऱ्या प्रकारची आहे. संकट कधीच टळून गेले आहे, पण शरीराने त्याची सवय सोडलेली नाही. यापुढचे सगळे त्या गृहीतावर लिहितो.

आधी विश्वास आणि भीती यांच्याविषयी. पवित्र शास्त्रात ‘भिऊ नको’ हे शब्द ३६५ वेळा, वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एकदा आले आहेत, असे व्यासपीठावरून नेहमी सांगितले जाते. ती मोजदाद खरी भरत नाही, आणि मला तो आकडा सांगितलेला आवडत नाही, कारण त्यामुळे हे शब्द कुठे आणि कोणाला उद्देशून आले आहेत याकडे दुर्लक्ष होते. ते जवळजवळ नेहमी घाबरलेल्या माणसालाच उद्देशून आले आहेत, आणि अनेक ठिकाणी त्यांच्यामागोमाग ‘मी तुझ्याबरोबर आहे’ असे येते. देव भीतीबद्दल कान उपटत नाही, तो सोबत देतो. गेथशेमाने बागेत स्वतः प्रभू येशू अस्वस्थ आणि अतिकष्टी झाला, आपल्या जिवाला मरणप्राय खेद झाला आहे असे त्याने मित्रांना उघडपणे सांगितले, त्यांना जवळ थांबायची विनंती केली आणि तीच प्रार्थना तीनदा केली. ती प्रार्थना त्याने पित्याला केली, ‘अब्बा’, म्हणजे बापा, म्हणून केली, आणि तिच्यात ‘हा प्याला माझ्यापासून दूर कर’ ही स्वतःची इच्छा सांगितली. पुत्राने पित्यापुढे आपली वेगळी इच्छा बोलून दाखवणे हा अनादर असता, तर ही प्रार्थना शुभवर्तमानात आपल्याला वाचायला मिळाली नसती. म्हणून भीती वाटणे म्हणजे विश्वास कच्चा असणे, हे वडीलधाऱ्यांचे म्हणणे मी तरी मान्य करत नाही. ‘पूर्ण प्रीती भीती घालवून देते’ असे योहान लिहितो, पण त्याच वाक्यात तो सांगतो की भीतीचा संबंध शिक्षेशी आहे. तुम्हाला आजही शिक्षेची वाट पाहायची सवय आहे. ती सवय एका प्रार्थनेत जात नाही. आपण घाबरलेलो असताना खरे बोललो आणि तरीही देवाच्या हातातून पडलो नाही, हे पुन्हा पुन्हा अनुभवल्याने ती हळूहळू जाते.

आता वडिलांविषयी. या विषयावर मी ज्या भागाकडे सर्वांत जास्त वेळा वळतो तो पवित्र शास्त्रातील उत्पत्ती या पुस्तकाचा २६वा अध्याय आहे, आणि तुम्ही तो एकदा संथपणे, सलग वाचावा अशी माझी विनंती आहे. इसहाक गरार येथे राहायला जातो आणि तिथले लोक आपल्याला मारतील या भीतीने रिबका ही बायको असताना तिला बहीण म्हणून सांगतो. ही भीती आणि ही लबाडी त्याची स्वतःची नव्हती. त्याचा बाप अब्राहाम याने तेच मिसरात केले होते, आणि पुन्हा ह्याच गरारात केले होते. मुलाने बापाची भीती जशीच्या तशी उचलली. पुढे त्याच अध्यायात दिसते की अब्राहामाने खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवून टाकल्या होत्या; इसहाकाने त्या पुन्हा उपसल्या आणि त्यांना बापाने दिलेलीच नावे ठेवली. ज्या माणसाने मोरिया डोंगरावर बळी देण्यासाठी आपल्याला बांधून वेदीवर ठेवले होते, त्या माणसाच्या विहिरींची नावे पुसली जाऊ नयेत, एवढा मान मुलाने राखला. पण तो तिथेच थांबला नाही. त्याने स्वतःच्या नव्या विहिरी खणल्या. पहिलीवरून भांडण झाले, दुसरीवरूनही झाले, तेव्हा तो पुढे सरकला आणि तिसरीला त्याने रहोबोथ असे नाव दिले, कारण आता देवाने आपल्याला ऐसपैस जागा दिली असे त्याला वाटले. त्यानंतर बैर-शेबा येथे रात्री परमेश्वर त्याला दर्शन देऊन म्हणतो की मी तुझा बाप अब्राहाम याचा देव आहे, भिऊ नको, मी तुझ्याबरोबर आहे. बापाचे नाव आणि ‘भिऊ नको’ ही आज्ञा एकाच दर्शनात आली आहे. बापाला सोडून दे असे देव म्हणत नाही, आणि बापासारखा घाबरत राहा असेही म्हणत नाही.

उन्हाळ्यात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या जिल्ह्यात बुजलेली विहीर उपसणे म्हणजे काय काम असते, हे वेगळे सांगायला नको. तुमच्या वडिलांच्या कोणत्या विहिरी आहेत ते बघा. तुम्हीच लिहिले आहे की आजोबा कामाला असलेली गिरणी बंद पडली तेव्हा वडिलांनी दहावीनंतर शाळा सोडली, मिळेल ते काम केले, मग रेल्वेत लागले, धाकट्या दोन भावंडांना शिकवले आणि रात्रपाळी करून घर बांधले. गिरण्यांचे भोंगे बंद झाल्यावर या शहरातील किती घरांच्या चुली कशा पेटल्या, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हातात घर नसणे, पोराच्या नावावर काही नसणे, याची भीती मरेपर्यंत सुटत नाही. वरचा मजला ही तुमच्या वडिलांच्या दृष्टीने चैन नसावी. ते त्यांच्या भीतीवरचे छप्पर आहे. त्यांचा मोठा आवाजही, मला वाटते, पुष्कळसा त्याच भीतीतून येतो. याने पट्ट्याचा मार योग्य ठरत नाही; बापांनी मुलांना चिरडीस आणू नये, असे पौल इफिसकरांना लिहितो आणि ती आज्ञा मुलांच्या आज्ञेला लागूनच आहे. पण ज्याला आपण घाबरतो तोही घाबरलेला आहे, हे एकदा दिसले की त्याच्यासमोर उभे राहणे थोडे सोपे जाते.

मग मान राखणे म्हणजे नेमके काय? लहान मुलाच्या बाबतीत त्यात आज्ञापालन येते, यात शंका नाही. पण सिनाय पर्वतापाशी ही आज्ञा ज्या लोकसमुदायाला मिळाली त्यात बायकामुले असलेली मोठी माणसे होती, आणि मार्कच्या शुभवर्तमानाच्या ७व्या अध्यायात प्रभूने तिचा अर्थ लावला तोही मोठ्या माणसांसाठीच. म्हाताऱ्या आईबापांना द्यायचे ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेले, असे जाहीर करून हात झटकणाऱ्यांना त्याने खडसावले. म्हणजे कमावत्या मुलाच्या बाबतीत मान हा आधी पोटापाण्याचा आणि औषधपाण्याचा विषय आहे, मग बोलण्याच्या पद्धतीचा, आणि प्रत्येक व्यवहारात होकार देण्याचा तर नाहीच. नीतिसूत्रे या पुस्तकात तर कर्जाला जामीन राहण्याविरुद्ध स्पष्ट इशारा आहे. हाच मुद्दा उलट बाजूनेही सांगतो, कारण काही तरुण मंडळी ‘जो माझ्यापेक्षा बापावर अधिक प्रीती करतो तो मला योग्य नाही’ हे येशूचे वचन पुढे करून घरची जबाबदारी टाळतात. तसे करू नका. तुमचे नाही हे आकड्यासकट असावे आणि त्याच्याशेजारी एक हो असावा.

वाट वेगळी धरूनही बापाचा मान कसा राखता येतो, याचे आपल्या मराठी मंडळींमधील सर्वांत मोठे उदाहरण मला पंडिता रमाबाईंचे वाटते. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवले, आणि त्याच घरात रमाबाई शिकल्या. दुष्काळात आईवडील गेले. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, वडिलांचा धर्म सोडला, परंतु आपल्याला शिकू देणाऱ्या वडिलांविषयी त्या पुढेही कृतज्ञतेनेच लिहीत राहिल्या. आपण पुण्याला जाताना रेल्वे ज्या केडगाववरून जाते, तिथे त्यांनी मुक्ती मिशन उभे केले आणि मूळ भाषांवरून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. बापाच्या घरात मिळालेली विद्या त्यांनी टाकली नाही. ती घेऊनच त्या स्वतःच्या वाटेने गेल्या.

आता प्रत्यक्ष बोलण्याकडे येतो. माझ्या अनुभवात घरे बहुधा बोलण्याच्या विषयामुळे मोडत नाहीत, बोलण्याच्या रीतीमुळे मोडतात. आपल्याकडे सर्वांत मोठी चूक आईला पुढे करण्याची होते. मुलगा आईला सांगतो, आई स्वयंपाकघरातून वडिलांच्या कानावर घालते, वडील आईवरच ओरडतात, आणि मुलगा आतल्या खोलीत दार लावून ऐकत बसतो. यात वडिलांचा अपमान असा होतो की मुलगा आपल्याशी बोलण्याच्या लायकीचा आपल्याला समजत नाही, असे त्यांना वाटते. आणि आईच्या वाट्याला दोन्हीकडचा राग येतो. तुम्हाला जे सांगायचे आहे ते तुम्हीच, त्यांच्याशीच, समोर सांगा. रविवारच्या उपासनेनंतर पाहुणे असताना नको, रात्री जेवणाच्या ताटावर तर मुळीच नको. सकाळी चहा झाल्यावर, ते एकटे असताना, समोर उभे न राहता शेजारी बसून बोला.

त्याआधी बँकेतून हप्त्याचा आकडा कागदावर घ्या. उदाहरणार्थ, ९ टक्के व्याजाने १५ वर्षांसाठी १५ लाख घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे १५,२०० रुपये येतो, म्हणजे तुमचा जवळजवळ अर्धा पगार. सहकर्जदाराची जबाबदारी अर्ध्या कर्जाची नसते, वडिलांना फेडता आले नाही तर पूर्ण कर्जाची असते, हेही त्यांना ठाऊक नसण्याची शक्यता आहे. मग दोन-तीन वाक्ये ठरवा आणि ती देवासमोर मोठ्याने म्हणा. माझी भीती काढून टाक, अशी प्रार्थना करण्यापेक्षा जे वाक्य वडिलांना सांगायचे आहे तेच आधी स्वर्गीय पित्याला सांगा; वाक्य एकदा तोंडातून बाहेर पडले की दुसऱ्यांदा ते इतके जड जात नाही. वाक्ये साधारण अशी असू शकतील: ‘पप्पा, हे घर तुम्ही रात्रपाळ्या करून बांधलेत हे मी विसरलेलो नाही. पण कर्जावर सही मी करू शकत नाही. तुमच्या आणि मम्मीच्या औषधांचा खर्च या महिन्यापासून मी उचलतो.’ एवढेच. लहानपणीच्या माराचा विषय त्या दिवशी काढू नका. तोही एक दिवस बोलावा लागेल, पण कर्जाच्या बोलण्यात तो मिसळला तर दोन्ही विषय हातचे जातील. वचने ऐकवू नका. विशेषतः कुटुंबप्रार्थनेत, वडिलांना ऐकू जावे म्हणून, ‘प्रभू, कठोर मने मऊ कर’ अशी प्रार्थना करू नका. ती प्रार्थना देवासाठी नसते, आणि वडिलांना ते लगेच कळते.

एका घरातले बोलणे मी शेजारी बसून ऐकले आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगतो. मुलगी शिक्षिका होती आणि वडिलांनी ठरवलेल्या स्थळाला तिला नकार द्यायचा होता. ती खाली पाहून, अडखळत, पण पूर्ण वाक्ये बोलली. वडिलांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला आणि काचा केव्हाच स्वच्छ झाल्या तरी ते पुसतच राहिले. ओरडण्याची त्यांची नेहमीची वेळ निघून गेली. शेवटी ते एवढेच म्हणाले, ‘हे तू आईला सांगायचीस, मला का नाही सांगितलंस?’ त्या घरात पुढे बराच अबोला चालला, पण ते स्थळ मोडले आणि नाते मोडले नाही.

तुमच्याकडे असेच होईल असे मी म्हणत नाही. तुमचे वडील ओरडू शकतील. ओरडले तर वाद घालू नका, वाक्य बदलू नका, आणि खोली सोडायची वेळ आली तर ‘मी संध्याकाळी येतो’ एवढे सांगून बाहेर पडा. आपला आवाज चढला असेल तर त्याबद्दल क्षमा मागा. निर्णयाबद्दल मागू नका. अबोला धरला गेला तर तो तुमच्याकडून लांबवू नका. सकाळचा सलाम, ताटावर बोलावणे, त्यांची रक्तदाबाची गोळी वेळेवर समोर ठेवणे, उत्तर मिळो न मिळो, सुरू ठेवा. औषधांचे पैसे ठरल्याप्रमाणे द्या, आणि ते आईच्या हातून न देता त्यांच्याच हातात द्या. ‘नुसते बघायला बँकेत चल’ असे म्हटले तर जाऊ नका, कारण अर्ज पुढे आल्यावर, साहेबांसमोर, तुमची जुनी भीती तुमच्याकडून सही करवून घेईल.

काही आठवड्यांनीही काही हलले नाही तर मध्यस्थ घ्यावा. आधी चुलत्यांना घ्या, कारण वडिलांनीच त्यांना शिकवले आहे आणि वडिलांचा मान ठेवून त्यांना चार शब्द सांगण्याचा अधिकार त्यांना आहे. पाळकांना त्यानंतर बोलवा. पाळक घरात आले म्हणजे विषय मंडळीत गेला असे वडिलांना वाटते, म्हणून त्यांना एकटेच यायला सांगा, आणि येण्याआधी हप्त्याचा कागद दाखवून सगळी हकीकत सांगून ठेवा.